रिकामा रकाना

माझ्या कपाटात, शाळेच्या जुन्या हजेरीपटांखाली, तांबड्या पुठ्ठ्याची एक वही पडलेली आहे. तिच्या पहिल्या पानावर माझ्याच वळणदार अक्षरांत लिहिलेले आहे : 'श्वानप्रदर्शन, माथेरान. प्रवेशनोंद.' आत बासष्ट नोंदी आहेत. प्रत्येक नोंदीला सात रकाने आखलेले. क्रमांक, कुत्र्याचे नाव, जात, जन्मतारीख, बापाचे नाव, आईचे नाव आणि नोंदणी क्रमांक. त्रेसष्टावी ओळ मी लिहावयास घेतली होती आणि मध्येच सोडून दिली. त्या ओळीत 'राजा' एवढे नाव तेवढे आहे. पुढचे सारे रकाने कोरे आहेत.

ती अर्धी ओळ हेच ह्या लेखाचे निमित्त. मी काही इतिहाससंशोधक नव्हे. शिक्षण म्हणाल तर मॅट्रिक. पोरांना शिकविणे हा दिवसाचा उद्योग आणि कादंबऱ्या लिहिणे हा रात्रीचा. परंतु ती वही कधी हाताशी आली की मनात येई, हे सात रकाने मुळात आखले कोणी? मी ते कुठून तरी उतरवून घेतले होते, हे मला आठवत होते. ज्याच्याकडून घेतले त्यानेही कुणाकडून तरी घेतले असणार. असा माग काढीत मागे मागे जाता जाता मी पार इंग्लंडातल्या न्यूकॅसल गावी जाऊन पोहोचलो. तो प्रवास वाचकांना सांगावा आणि सांगता सांगता त्या अर्ध्या ओळीचा हिशेबही देऊन टाकावा, असा विचार आहे.

आधी आमच्या प्रदर्शनाची हकीकत सांगतो, म्हणजे पुढचा इतिहास कोरडा वाटणार नाही.

पंधराएक वर्षांपूर्वीची गोष्ट. माथेरान, नेरळ, कर्जत, चौक ह्या पंचक्रोशीतल्या आम्हा दहाबारा हौशी माणसांचे एक मंडळ होते. कुणी हॉटेलवाला, कुणी औषधविक्रेता, कुणी निवृत्त रेल्वे कर्मचारी, आणि मी मास्तर. मुंबई-पुण्याला कुत्र्यांची मोठी प्रदर्शने भरतात. आपल्याकडे का भरू नये, असे कुणाच्या तरी मनात आले. पावसाळा नको आणि मे महिन्याची गर्दीही नको, म्हणून फेब्रुवारीतला एक रविवार मुक्रर झाला. अक्षर बरे म्हणून चिटणीसपद माझ्या गळ्यात पडले.

असे प्रदर्शन कुठेही भरवावयाचे म्हणजे खटाटोपच. मैदान पाहिजे, सावली पाहिजे, दोरखंडाने आखलेले रिंगण पाहिजे. गुरांचा डॉक्टर दिवसभर हजर पाहिजे. रेबीजची लस टोचल्याचा दाखला पाहिल्याशिवाय एकही जनावर आत सोडावयाचे नाही. पाण्याच्या घमेल्या हव्यात, पण त्या प्रत्येकाच्या वेगळ्या, कारण एकाचे दुखणे दुसऱ्याला लागू नये. परीक्षक बाहेरचा असावा आणि कुत्र्यांच्या मालकांची नावे छापलेली पुस्तिका त्याच्या हाती प्रदर्शन संपेपर्यंत पडू नये. रिंगणात परीक्षकाच्या हाताशी एक कारभारी लागतो. तो क्रमांक पुकारतो आणि कुत्री ओळीने उभी करतो. नर निराळे, माद्या निराळ्या. वयाप्रमाणे वर्ग पाडावयाचे. प्रत्येक जातीतला उत्तम निवडावयाचा, मग ह्या उत्तमांचे गट लावावयाचे, आणि शेवटी संध्याकाळी त्या साऱ्यांतून एक निवडून त्याच्या गळ्यात फीत बांधावयाची.

माथेरानला हे सारे दुप्पट अवघड. आमच्या डोंगरावर मोटार येत नाही. दस्तुरीपाशी गाड्या थांबतात आणि तिथून पुढे तेव्हा पाय, घोडा किंवा माणसांनी ओढावयाची रिक्षा. सकाळपासून दस्तुरीच्या वाटेवर कुत्र्यांची वरात लागली. घोड्यांना पाहून कुत्री भुंकू लागली, कुत्र्यांना पाहून घोडी बिथरू लागली आणि दोघांनाही पाहून झाडांवरच्या वानरांनी एकच गिल्ला केला. एक पांढराशुभ्र पामेरियन दस्तुरीवर उतरला तेव्हा कापसाच्या पिंजलेल्या गोळ्यासारखा दिसत होता. मैदानावर पोहोचेतो आमच्या तांबड्या मातीने त्याचा पार विटेचा रंग केला. बाई रडकुंडीला आल्या. आम्ही एका बंगल्याच्या मोरीत त्याला आंघोळ घातली.

आणखी एक दृश्य मला विसरता येत नाही. वासराएवढा एक ग्रेट डेन होता. त्याला चालवत आणावे तर पाय मळतील, म्हणून त्याच्या धन्याने त्याला हातरिक्षात बसविले. पुढे एक माणूस ओढणारा, मागे दोन ढकलणारे. चढावर तिघांच्याही मानेच्या शिरा ताठ झालेल्या, आणि वर ते जनावर मोठ्या गंभीरपणे दरीकडे पाहत बसलेले. आम्ही सारे हसलो. मीही हसलो. आज ते हसू आठवले की बरे वाटत नाही. पुढे ६ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने माथेरानच्या हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करण्याचा हुकूम दिला. माणसाने माणसाला ओढावे ही रीत माणुसकीला धरून नाही, असा त्या हुकमाचा आशय होता. ती बातमी वाचताना माझ्या डोळ्यांपुढे तो ग्रेट डेन आला.

दहाच्या सुमारास प्रवेशनोंद बंद होणार होती. पावणेदहाला एक दहाबारा वर्षांचा मुलगा माझ्या टेबलापुढे येऊन उभा राहिला. खालच्या अंगाच्या एका धनगरवाडीवरून पायवाटेने तो वर चढून आला होता. सुतळीला बांधलेला एक कुत्रा बरोबर. तपकिरी रंगाचा, उभ्या कानांचा, शेपटीची गाठ पाठीवर वळलेली. आपल्याकडे कुठल्याही वेशीवर दिसतो तसा. डाव्या खांद्यावर जुन्या जखमेचा वण होता. मुलाने कुत्र्याला आंघोळ घातलेली दिसत होती, आणि स्वतःही धुतलेला सदरा घातलेला होता.

"नाव?" मी विचारले.

"राजा."

"जात?"

"आमचाच हाय, गुरुजी."

"तसे नव्हे. कुठल्या जातीचा?"

तो गप्प राहिला. मग म्हणाला, "धनगराचा कुत्रा."

"बापाचे नाव?"

टेबलाभोवती उभे असलेले लोक मोठ्याने हसले. मुलाला वाटले, त्याच्या स्वतःच्या बापाचे नाव विचारले. त्याने ते सांगितले. हसू दुप्पट झाले. नोंदणी क्रमांक नव्हता. लसीचा दाखलाही नव्हता. पण दाखल्याचे काय, डॉक्टर तिथेच बसलेले होते. टोचून देता आले असते. मी त्याला दाखल्याच्या कारणाने परत पाठविले नाही. मी म्हणालो, "बाळ, हे जातिवंत कुत्र्यांचे प्रदर्शन आहे." मुलाने सुतळी हाताला गुंडाळली आणि तो आल्या वाटेने निघून गेला. मी लेखणी खाली ठेवली. ओळ तशीच राहिली.

आता त्या सात रकान्यांचा इतिहास.

जगातले पहिले रीतसर श्वानप्रदर्शन म्हणून ज्याची नोंद होते ते इंग्लंडातल्या न्यूकॅसल येथे २८ व २९ जून १८५९ ला भरले. कोंबड्यांच्या प्रदर्शनाला जोडून केलेली ती एक जास्तीची करमणूक होती. एकंदर साठ कुत्री आली होती आणि तीही पॉइंटर व सेटर ह्या दोनच शिकारी जातींची. इनाम काय, तर दुनळी बंदुका. कारण त्या बंदुका करणारा कारागीरच प्रदर्शनाच्या पाठीशी होता. आता मौज अशी की, सेटरांमध्ये ज्याला पहिले बक्षीस मिळाले त्याचा धनी पॉइंटरांच्या परीक्षकांपैकी एक होता. आणि पॉइंटरांमधल्या विजेत्याचा धनी सेटरांच्या परीक्षकांपैकी! हे वाचल्यावर मला आमच्या तालुक्याच्या निबंधस्पर्धा आठवल्या आणि इंग्रजांविषयी थोडी आपुलकी वाटू लागली.

पुढे जागोजाग प्रदर्शने भरू लागली आणि त्याबरोबर लबाडीही वाढली. त्यात नावांचा घोटाळा भारी. आपल्याकडे जसे दर चौथे कुत्रे मोत्या किंवा वाघ्या, तसे तिकडे दर चौथे बॉब, जेट किंवा स्पॉट. कुठला बॉब कुठे जिंकला हे कळावे कसे? एकाचे यश दुसऱ्याच्या नावावर सांगून पिल्ले विकावयाची, हा धंदाच होऊन बसला. ह्याला आळा घालण्यासाठी ४ एप्रिल १८७३ रोजी सीवॅलिस शर्ली नावाच्या पार्लमेंटच्या सभासदाने काही मंडळी जमवून लंडनला 'केनेल क्लब' स्थापन केला. दुसऱ्याच वर्षी त्यांनी वंशावळीचा पहिला ग्रंथ काढला. १८५९ पासूनच्या प्रदर्शनांतल्या ४,०२७ कुत्र्यांच्या नोंदी त्यात होत्या. १८८० पासून नावाची नोंदणी सुरू झाली, ती एकाच नावाची अनेक कुत्री नसावीत म्हणून.

म्हणजे माझे रकाने आखले गेले ते हे असे. ते कुणाला बाहेर ठेवण्यासाठी आखलेले नव्हते, खोटेपणा बाहेर ठेवण्यासाठी आखलेले होते. हे कळल्यावर मला त्या शर्लीसाहेबाविषयी आदर वाटला, हे कबूल केले पाहिजे. मीही शाळेत दाखलखारीज रजिस्टर भरतो. मुलाचे नाव, बापाचे नाव, जात, जन्मतारीख. तेच रकाने, जवळजवळ त्याच क्रमाने. रजिस्टर नसते तर कितीएक गरिबांच्या मुलांना आपले वय आणि आपला हक्क सिद्ध करता आला नसता. कागदाला नावे ठेवणे सोपे असते. कागद नसला म्हणजे काय होते ते ज्याला तो मिळाला नाही त्यालाच ठाऊक.

परंतु नोंद ठेवता ठेवता एक गोष्ट घडली. प्रत्येक जातीचे एक आदर्श वर्णन लिहिले गेले. कान असे, शेपूट तशी, उंची इतकी, रंग अमुक चालेल, तमुक चालणार नाही. रिंगणातला परीक्षक एका कुत्र्याची तुलना शेजारच्या कुत्र्याशी करीत नाही. त्या लिहिलेल्या वर्णनाशी करतो. दात मोजतो, पाठीवरून हात फिरवितो, चालवून पाहतो, आणि वर्णनाच्या जवळात जवळ कोण ते ठरवितो. हे वाचताना न्यायाचे वाटते. पण वर्णन लिहिणारा माणूसच असतो, आणि त्याची आवड वर्णनात उतरते. चपटे नाक शोभते असे ठरले की दर पिढीला नाक अधिक चपटे होते. मग जनावराला श्वास घेणे जड जाते. डोके मोठे हवे असे ठरले की बुलडॉगच्या मादीचे पोट चिरून पिल्ले काढावी लागतात. रक्त शुद्ध राहावे म्हणून नात्यातल्या नात्यात जोड्या लावल्या आणि दुखणी पिढीजात झाली. २००८ साली बीबीसीने ह्याविषयी एक माहितीपट दाखविला. त्यावर एवढा गहजब झाला की २००९ पासून त्या संस्थेने क्रफ्ट्स ह्या जगप्रसिद्ध प्रदर्शनाचे प्रक्षेपणच थांबविले. केनेल क्लबनेही त्याच साली बापलेकी, मायलेक आणि सख्खी भावंडे ह्यांच्यापासून झालेल्या पिल्लांची नोंद करणे बंद केले.

क्रफ्ट्सचा उल्लेख आला म्हणून सांगतो. चार्ल्स क्रफ्ट हा मूळचा कुत्र्यांची बिस्किटे विकणाऱ्या एका पेढीतला नोकर. बिस्किटे विकता विकता त्याची कुत्री पाळणाऱ्या बड्या घरांशी ओळख झाली, आणि १८९१ साली त्याने लंडनच्या इस्लिंग्टन भागातल्या कृषिमंडपात स्वतःच्या नावाने प्रदर्शन भरविले. ते आजतागायत चालू आहे. हा गृहस्थ स्वतः कुत्रा पाळीत नसे, घरी मांजर होते, असे सांगतात. धंदा एका ठिकाणी आणि जीव दुसऱ्या ठिकाणी, ह्यात तसे नवल नाही.

त्याच इस्लिंग्टनची ह्याहून जुनी एक गोष्ट मला अधिक मोलाची वाटते. १८६२ साली तिथे कुत्र्यांचे एक मोठे प्रदर्शन भरले होते. त्या वेळी चार्ल्स डिकन्सच्या साप्ताहिकात एक लेख आला. लेखाचा विषय एक प्रदर्शन नव्हता, दोन होती. एक ते मखमली गाद्यांवरच्या बक्षीसपात्र कुत्र्यांचे. दुसरे तिथून जवळच, हॉलोवे भागात, मेरी टील्बी नावाच्या बाईने १८६० साली उघडलेल्या आसऱ्यातले. तिथे लंडनच्या रस्त्यांवर हरवलेली, टाकून दिलेली, उपाशी कुत्री गोळा केलेली होती. लेखकाने वाचकाला आधी एका दारातून आणि मग दुसऱ्या दारातून आत नेले. प्रदर्शनांना आरंभ होऊन पुरती तीन वर्षे झाली होती, तोच कुणाला तरी हे दुसरे दार दिसले होते. मला आमच्या टेबलापाशी ते दिसले नाही, आणि मी तर दीडशे वर्षांनंतरचा माणूस.

आता आपल्या देशाकडे येऊ.

मुंबईत कुत्र्यांच्या नावाने पहिली मोठी नोंद झाली ती प्रदर्शनाची नव्हे, दंग्याची. कंपनी सरकारने शहरातली मोकाट कुत्री उन्हाळ्यात मारण्याचा हुकूम काढलेला होता आणि दर कुत्र्यामागे आठ आणे इनाम मिळे. आठ आण्यांच्या लोभाने पकडणाऱ्यांनी घरची पाळलेली कुत्रीही ओढून नेली. ६ जून १८३२ रोजी पारशी मंडळी खवळली. त्यांच्या धर्मात कुत्र्याला मोठा मान, आणि दिवसही त्यांचा पवित्र होता. दुसऱ्या दिवशी कोटातली दुकाने बंद झाली, हिंदू आणि जैन व्यापारीही त्यांना मिळाले, गोऱ्या पलटणीची रसद अडली, आणि शेवटी शिपाई आणावे लागले. ह्यानंतर दोन वर्षांनी, १८३४ साली, जमशेटजी जीजीभॉय आणि काही व्यापारी पुढे आले आणि मुंबईचा पांजरपोळ निघाला. आपल्या प्रांतात कुत्र्याविषयीच्या सार्वजनिक संस्थेचा आरंभ हा असा, बेवारशांपासून झाला. जातिवंतांच्या नोंदीचा कारभार पुष्कळ नंतरचा. 'केनेल क्लब ऑफ इंडिया'चे स्थापनावर्ष १८९६ आहे.

आमचे माथेरानही त्याच साहेबी काळातले. १८५० च्या मे महिन्यात ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट चौक गावाकडून वर चढले आणि ह्या डोंगराचे नशीब बदलले. १९०७ साली आदमजी पीरभॉय कुटुंबाच्या खटपटीने नेरळहून दोन फुटी रुळांची गाडी वर आली. नावे बघा : पॉइंटांची लुइझा, पॅनोरमा, आणि तळ्याचे शार्लोट. मॅलेटसाहेब येण्याआधीही ह्या रानात माणसे होती. धनगर होते, ठाकर होते, कातकरी होते आणि त्यांच्यापाशी कुत्री होती. बिबळ्याच्या रानात कुत्र्यावाचून शेळ्या राखता येत नाहीत. पण इतिहासात नाव राहते ते नकाशा काढणाराचे.

कुत्र्याच्या नावाचेही तसेच झाले. आपल्या गावोगावच्या कुत्र्याला इंग्रजांनी 'परिया डॉग' असे नाव दिले. हा परिया शब्द कुठला? तामिळ देशातल्या परैयर नावाच्या समाजाचा. परै म्हणजे ढोल. तो वाजविणारे ते परैयर. सवर्णांनी ह्या माणसांना गावाबाहेर ठेवले, साहेबाने ते पाहिले आणि गावाबाहेर हिंडणाऱ्या कुत्र्याला त्यांचे नाव लावून दिले. पुढे तो शब्द जगभरच्या पुस्तकांतून गेला. एका जिवंत समाजाचे नाव कुत्र्याला, आणि कुत्र्याची अवहेलना परत त्या समाजाला. रकान्यात 'जात' हा शब्द लिहिताना मला ह्यातले काही माहीत नव्हते. पण तो शब्द आपल्या देशात हलक्या हाताने लिहावयाचा नसतो, एवढे तर मास्तर म्हणून मला कळावयास हवे होते.

ह्याउलट नोंदीने भले झाल्याचेही एक उदाहरण आहे, आणि ते सांगितले नाही तर लेख एकांगी होईल. दक्षिण महाराष्ट्रात आणि त्याला लागून असलेल्या कर्नाटकात एक लांबट, हरणासारखा चपळ शिकारी कुत्रा आहे. आपण त्याला कारवानी म्हणतो. मध्य आशियातून आलेल्या तांड्यांबरोबर, कारवानांबरोबर, त्याचे पूर्वज आले असे समजतात. मुधोळ संस्थानचे राजे मालोजीराव घोरपडे ह्यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी ह्या कुत्र्यांची निगुतीने जोपासना केली आणि विलायतेस पंचम जॉर्ज बादशहाला एक जोडी नजर केली. तेव्हापासून हा 'मुधोळ हाउंड' झाला. वास्तविक बेरड शिकारी आणि शेतकरी ह्यांनी तो कितीएक पिढ्या सांभाळलेला; पण राजाच्या नजराण्याने त्याला नाव मिळाले. पुढे केनेल क्लबनेही त्याला 'कॅरव्हान हाउंड' म्हणून आपल्या यादीत घेतले. ९ जानेवारी २००५ रोजी टपालखात्याने देशी कुत्र्यांची चार तिकिटे काढली, त्यांत हिमालयी मेंढपाळ कुत्रा, रामपुरी, राजापालयम आणि मुधोळ असे चौघे होते. लातूर जिल्ह्यातल्या जानवळ गावी आजही कारवानी आणि पश्मी कुत्री पाळणारी घरे आहेत. कुणी मोजमाप घेतले नसते, पिढ्या लिहून ठेवल्या नसत्या, तर हा कुत्रा कदाचित इतर कुत्र्यांत मिसळून नाहीसा झाला असता.

म्हणजे वहीचा दोष नाही. वही हे सांगते की आम्हाला ह्या कुत्र्याविषयी एवढे ठाऊक आहे. कोरा रकाना हे सांगतो की आम्हाला ठाऊक नाही. ठाऊक नाही ह्याचा अर्थ कुत्र्यात काही नाही असा मी केला, हा दोष माझा. आणि खरे सांगावयाचे तर आमच्या प्रदर्शनाला कुठल्याही क्लबची मान्यता नव्हती. कुणी आमच्यावर नियम लादले नव्हते. आम्ही मोठ्या प्रदर्शनासारखे दिसावे म्हणून ते उतरवून घेतले होते.

महाभारत मुलांना सांगताना एक गोष्ट फार उशिरा माझ्या ध्यानात आली. ह्या एवढ्या मोठ्या ग्रंथाच्या आरंभीच एक कुत्रे आहे आणि शेवटाकडेही एक आहे. आरंभी जनमेजयाच्या यज्ञात सरमा नावाच्या देवशुनीचे पिल्लू येते. त्याने हवीला तोंड लावलेले नसते, नुसते पाहिलेही नसते. तरी राजाचे भाऊ त्याला मारून हाकलतात. सरमा येऊन विचारते, माझ्या लेकराचा अपराध काय? कुणाला उत्तर देता येत नाही. तेव्हा ती शाप देते की, तुमच्यावर न दिसणारे भय येईल. शेवटाकडे स्वर्गाच्या दारात धर्मराजाला इंद्र सांगतो, कुत्र्याला आत प्रवेश नाही. धर्मराज म्हणतो, मग मलाही नको. पोरांना मी ही दुसरी गोष्ट नेहमी रंगवून सांगत असे. पहिली सांगत नसे. त्या रविवारनंतर दोन्ही सांगू लागलो.

त्या दिवशी संध्याकाळी बक्षीससमारंभ झाला. ग्रेट डेनला मोठा चषक मिळाला. वर्तमानपत्रात चार ओळी आल्या. मंडळाच्या सभेत मी दुसऱ्या वर्षासाठी एक सूचना मांडली : ज्यांच्यापाशी कागद नाही अशा कुत्र्यांचा एक वेगळा वर्ग असावा, अट फक्त लसीची, आणि ती मंडळाने जागेवर फुकट टोचून द्यावी. थोडा वाद झाला. 'मग प्रदर्शनाची शान काय राहिली?' असे एकाने विचारले. औषधविक्रेत्या सभासदाने सांगितले की लसीचा खर्च मी सोसतो, आणि सूचना पास झाली.

दुसऱ्या वर्षी त्या वर्गात सतरा कुत्री आली. हॉटेलांच्या मागची, घोडेवाल्यांची, रुळांवर काम करणाऱ्यांची. परीक्षकबाईंनी आदर्श वर्णन नाही म्हणून कुरकुर केली नाही. त्यांनी प्रत्येकाचे दात, डोळे, पाय पाहिले, धन्याने हाक मारल्यावर कुत्रा कसा येतो ते पाहिले, आणि प्रत्येक धन्याला विचारले, हा काय काम करतो? त्या दिवशी सर्वांत जास्त गर्दी त्याच रिंगणाभोवती होती. मी मात्र प्रवेशाच्या टेबलावर दहा वाजेपर्यंत आणि दहा वाजून गेल्यावरही अर्धा तास, पायवाटेकडे डोळे लावून बसलो होतो. तो मुलगा आला नाही.

पुढे पावसाळ्याआधी एका रविवारी मी स्वतः त्या वाडीवर उतरलो. घर विचारीत गेलो. राजा अंगणात पडलेला होता. मला पाहून उठला, भुंकला आणि धन्याने 'गप' म्हणताच परत पडला. मुलाचा बाप घरी होता. त्याने घोंगडी टाकली, पाणी दिले. मुलगा नेरळला एका दुकानात कामाला लागला होता. शाळा सोडून वर्ष होत आले होते. मी कशासाठी आलो ते सांगितले. खांद्यावरच्या वणाविषयी विचारले. बिबळ्या कोकराला उचलीत होता, राजा मध्ये पडला, असे त्याने सांगितले. त्यात त्याला विशेष असे काही वाटत नव्हते. मग मी म्हणालो, "त्या दिवशी मी चुकलो. राजाला परत पाठवावयास नको होते."

तो थोडा वेळ कुत्र्याकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "गुरुजी, कुत्र्याला काय कळतंय बक्षीस न् बिक्षीस? पोराला कळलं."

मी उठलो. येताना चढ नेहमीपेक्षा लांब वाटला.

आमचे प्रदर्शन तिसऱ्या वर्षानंतर बंद पडले. कारण नेहमीचेच, पैसे आणि माणसे. मंडळातली दोघे मुंबईस गेली, एक वारले. प्रदर्शने आज शहरांतून जोरात भरतात, आणि कातडीखाली बसविलेल्या तांदळाएवढ्या खुणेवरून कुत्र्याची ओळख पटविली जाते. रस्त्यावरच्या कुत्र्यांचे काय करावे ह्यावर २०२५ च्या ऑगस्टात सर्वोच्च न्यायालयाने दोन आठवड्यांत दोन हुकूम दिले, आणि देशभर घराघरांतून भांडणे झाली. कुत्रे चावते हे खरे, रेबीजने माणूस मरतो हे त्याहून खरे. ज्याच्या लेकराला कुत्रे चावले त्याला मी शहाणपण शिकवणार नाही. १८३२ ची मुंबई आणि १८६२ चे इस्लिंग्टन, दोन्ही अजून आपल्या दारात उभी आहेत, एवढेच मला ह्या शोधातून उमगले.

तांबडी वही मी रद्दीत दिलेली नाही. मध्यंतरी ती काढून त्रेसष्टावी ओळ पुरी करावयाचे मनात आले. लेखणी घेऊन बसलो. जातीच्या रकान्यात काय लिहावे ते सुचेना. शेवटी त्या मुलाने सांगितले होते तेच लिहिले, 'धनगराचा कुत्रा'. जन्मतारीख, बाप, आई, नोंदणी क्रमांक हे रकाने तसेच कोरे ठेवले. पण रकान्यांच्या बाहेर, समासात, थोडी जागा होती. तिथे लिहून ठेवले : 'डाव्या खांद्यावर वण. कोकरू वाचविले.'